सप्रेम, ऑगस्टा थ्रॉप

३ ऑक्टोबर
श्रूझबरी ग्रंथसंग्राहक मंडळाची मीटिंग. हंफ्री टुलेट (सेक्रेटरी, स्वतःला फार समजतो) म्हणाला, यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येकाने एकच पुस्तक मांडायचं, पण लेखकाने खास त्याचं नाव घालून सही केलेलं. मग सगळ्यांदेखत मला विचारलं, ऑगस्टा थ्रॉपबाई तुझ्या जुन्या मैत्रीण ना, मग त्यांनी तुला दिलेलं एकही पुस्तक आम्हाला कसं दिसलं नाही? म्हटलं, आणतो, त्यात काय. मैत्री आहेच. त्यांची प्रत्येक रहस्यकथा माझ्याकडे सहीसकट आहे. दुसऱ्यांची नावं घालून केलेल्या सह्या आहेत, एवढंच.

४ ऑक्टोबर, सकाळ
झोप नाही. थाप उघडी पडली तर मंडळात तोंड कसं दाखवू? मंडळाशिवाय मला आहे कोण? मुरिएल (बायको) म्हणाली, मी आहे की. म्हटलं, तसं नव्हे गं.

६ ऑक्टोबर
देव आहे! थ्रॉपबाई गुरुवारी मिसेस प्रोथेरोंच्या पुस्तकाच्या दुकानात सह्या करायला येणार. बाईंनी नव्वदी ओलांडलीय, म्हणजे ही शेवटचीच संधी.
संकल्प: या वेळी गप्पा मारायच्या नाहीत. मागच्या खेपेला छान रंगल्या होत्या. बाई तर ऐकून ऐकून डोळे मिटून बसल्या होत्या. पण मागची रांग उगाच कुरकुरायला लागली आणि मिसेस प्रोथेरोंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. त्या बाईला साहित्यातलं काही कळत नाही.

७ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही. मुरिएलने केलेली ॲपल पाय तशीच राहिली. ती म्हणाली, हंफ्रीला खरं सांगून टाक. हिला संग्राहकाची अब्रू म्हणजे काय ते कळायचंच नाही.

८ ऑक्टोबर
योजना पक्की. सह्यांच्या वेळी दुकानवाले प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकात लावतात, म्हणजे लेखकाकडून स्पेलिंग चुकत नाही. थ्रॉपबाईंना आता नीट दिसत नाही. चिठ्ठीवर असेल ते अक्षर न् अक्षर उतरवतात. मिसेस प्रोथेरोंना गळ घातली, माझ्या चिठ्ठीवर 'माझा जिवलग मित्र क्लेमंट यास' एवढं लिहा. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लिहिते हो, व्यवस्थित लिहिते. भली बाई. मी उगाच नावं ठेवतो.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
फत्ते. मिसेस प्रोथेरोंनी चिठ्ठी स्वतःच लावून पुस्तक बाईंपुढे ठेवलं. लांबून दिसलं, चांगली दोन ओळींची होती, म्हणजे 'जिवलग' आलंच. बाईंनी भिंग धरून सगळं उतरवलं, वर बघून गोड हसल्या, बोलल्या काही नाहीत. जुन्या ओळखीत बोलावं लागत नाही.
टीपकागद घालून पुस्तक लगेच मिटलं आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनात बंद केलं. मुरिएल म्हणाली, अरे, काय लिहिलंय ते बघशील तरी? म्हटलं, कोऱ्या प्रतीला जेवढे कमी हात लागतील तेवढं बरं. हे अडाण्याला सांगून उपयोग नाही.

१३ ऑक्टोबर
चर्चचे व्हिकरसाहेब, खाटीक, दाताचे डॉक्टर, सगळ्यांना उद्याचं आमंत्रण दिलं. रात्री भरपेट जेवलो.

१४ ऑक्टोबर
प्रदर्शन.
हंफ्रीने वेष्टन काढलं आणि भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात वाचलं. 'क्लेमंट. हा तोच मागचा. याच्याशी बोलू नये, चिकटतो. सप्रेम, ऑगस्टा थ्रॉप.'
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. व्हिकरसाहेब बूट बघत राहिले. मुरिएलने माझा हात धरला, तो मला सोडवता येईना.
म्हटलं, सही बनावट आहे. मी फसलो. कुणीतरी खोटी सही करून माझ्या गळ्यात मारलंय.
हंफ्रीने भिंग घेतलं. पान खिडकीशी नेऊन पाहिलं, आणखी दोघांना दाखवलं. मग माझ्याजवळ येऊन, एरवी कधी बोलत नाही इतक्या मायेने म्हणाला, नाही रे क्लेमंट, अस्सल आहे. बाईंची सही ओळखायला तूच शिकवलंस ना आम्हाला.