माझं भांडण कोणतं?

देवळी, ७ एप्रिल १९७९
रूपरावभाऊजींनी पुन्हा धुरा कोरला, दोन वावरांमधला बांध! सख्खे धाकटे दीर. दर नांगरटीला आमच्या वावरातलं नांगराचं एक तास आपल्याकडे ओढतात, आणि सणाला पुरणपोळी खायला पहिले हजर. हे भडकले — "सोमवारी वर्ध्याले वकिलाकडं जातो. भाऊगिऊ गेला खड्ड्यात!"

मी मनाशी म्हटलं, अन्नपूर्णे, सगळ्यांशीच भांडत बसलीस तर स्वयंपाक कोण करील?

८ एप्रिल
लढायला काय कमी आहे? सासूबाईंचे टोमणे, यांची तंबाखू, शेजारणीची बकरी. आज विहिरीवर बायका हसल्या — "तुमच्या सुलोचनानं वखर धरला म्हणते! पोरीच्या जातीनं?" हसू दे. यातलं काहीच जिवाला लागत नाही.

लागतं ते एकच. पोरीनं मॅट्रिकची परीक्षा दिली आहे आणि हे तिचं लग्न उरकायला निघालेत. मी सातवीत पहिली आले, तशीच चुलीपुढे बसवली. अजून सलतं. सुलोचना नर्स होणार. हेच माझं भांडण! बाकी सगळं सोडलं.

९ एप्रिल
यांना दारातच अडवलं. कोर्टात पैसा घालायचा नाही, तो पोरीच्या शिक्षणाला.

"अन् धुरा?"

"घेऊ द्या त्यायले."

"लोक थुंकतीन माह्यावर!"

"पुसून घ्या."

वर्ध्याला गेले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. मी जेवले.

६ मे
अबोला अजून चालूच. पण स्थळ घेऊन आलेल्या बाबारावांना यांनी चहा पाजून वाटेला लावलं! मी आतून ऐकत होते. हसूच आलं.

१८ जून
पास! सेकंड क्लास! हे म्हणाले, "ने बाई तुह्या पोरीले नर्सिंगले. जिंकली तू." मला रडू आवरेना. पेढे वाटले, भाऊजींकडेसुद्धा. धुऱ्याचं अवाक्षर काढलं नाही. सोडला म्हणजे सोडला.

१९ जून
सुलोचनानं पेढ्याला हात लावला नाही.

"आई, मले नर्स नाई व्हायचं. मले वावर करायचं हाय. धुरा काऊन सोडला? मले तं कोणी इचारलंच नाई!"

नाही विचारलं. खरंच नाही.

सकाळी टिकास-फावडं घेऊन दोघी धुरा परत जागेवर घालायला निघतो. भाऊजी, आता गाठ पोरीशी आहे!