नवरीची उष्टी हळद

माय, काल माझी नात विचारत होती, ‘आजी, लग्नासाठी एवढ्या लांब जहाजानं आलीस, तुझ्या आईनं सोडलं कसं?’ तिला काय सांगू? मलाच अजून नवल वाटतं. साखरपुडा झाला आणि नवरदेव नोकरीला आफ्रिकेत गेला. लग्नापुरतीही रजा मिळेना, म्हणून मीच तिकडे जायचं ठरलं. ‘नवरी नवऱ्याच्या दारी लग्नाला चालली, उलटी गंगा!’ असं काका तुझ्या तोंडावर म्हणाले. तू एकच हट्ट धरलास, पोर जाईल ती हळद लागूनच जाईल. आधी नवरदेवाला लावायची, मग त्याची उष्टी हळद नवरीला, हा आपला रिवाज. तेव्हा त्यानं तिकडे हळद लावून उरलेली डब्यातून टपालानं पाठवावी, असं तू कळवायला लावलंस.

ती आलीच नाही. उद्या गाडीनं मुंबईला निघायचं, तिथून जहाज, आणि आपल्या धुळ्याच्या घरात मी पाटावर बसले आहे, भोवती बाया. शेजारच्या अक्का म्हणतात, ‘हळद उनी नही ते नवरीले काय लावशी? राहू दे आते. अपशकुन शे हाऊ.’ एरवी घर दणाणून सोडणारे वडीलही खाली मान घालून बसलेले. तू उठतेस, जात्यापाशी बसतेस, घरातली हळकुंडं दळायला घेतेस. कुणाकडे बघत नाहीस. हळद भिजवून झाल्यावर म्हणतेस, ‘आते नवरीच पहिले लावी. हिनी उष्टी हळद तठे नवरदेव लावी. समुद्र काय एकच बाजूथीन वलांडतस का?’ पांझरेच्या पुराहून मोठं पाणी तू कधी पाहिलं नव्हतंस. एवढी छाती तुला कुठून आली, माय? बायांनी तोंडात बोटं घातली, आणि मग त्यातलीच एक गाणं म्हणू लागली.

उरलेली हळद घेऊन, ओळखीच्या एका जोडप्याच्या सोबतीनं मी मोंबासाला उतरले. साखरपुड्याला एकदाच पाहिलेला माणूस उन्हानं रापून धक्क्यावर उभा होता. हळदीचं सांगितलं तेव्हा वाटलं, हसेल. तो घरी येऊन सदरा काढून मुकाट्यानं पाटावर बसला. हळद वाळून खडा झाली होती, ती तिथल्या गुजराती शेजारणीनं पाण्यात कालवली. तू दळलेली हळद माझ्यानंतर त्याच्या अंगाला लागत होती आणि मी बघतच राहिले. त्या क्षणी मला तुझी थोडी भीतीच वाटली.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. हळद आली नाही तेव्हा, आता जाणं टळेल म्हणून मला आतून हायसं वाटलं होतं. अक्का ‘राहू दे’ म्हणाल्या, तेव्हा तू हो म्हणावंस म्हणून मी पदराखाली हात जोडले होते. तुला ते कळलं असणार. माझ्या गालांना हळद लावताना तू एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाहीस.