कमानीखालून एसटी

८ मे
गुहागर कार्यालय. सकाळपासून माणसांची रीघ. विजेचे खांब, दाखले, नळाला पाणी नाही, एकाचं सासऱ्याशी भांडण (तेही आमदाराने मिटवायचं). दुपारी आगारातून फोन. वरच्या वाडीला एसटीची फेरी मंजूर. सध्या प्रायोगिक. गाडी रिकामी धावली तर दिवाळीनंतर बंद, असं आगारप्रमुखांनी दोनदा ऐकवलं. ऐकवू देत. निवडून आल्यापासून या एका फेरीसाठी किती उंबरे झिजवले ते माझं मला ठाऊक. रस्ता झाला, मोऱ्या झाल्या, आता गाडी. मकरंदला (माझा पीए) म्हटलं, पेढे आण. म्हणाला, "ताई, आधी गाडी वर चढू दे." या माणसाला आनंद म्हणून सोसत नाही.

१४ मे
दहावीचा निकाल. वरच्या वाडीची सुनंदा लेकीला घेऊन आली. सानिका. शाळेत पहिली आलीय. आई पेढा हातात ठेवून लगेच रडायला लागली. "ताय, कालेज खाली बाजारात. सगळी वाट रानातली. सकाळी धाडीन, पन सांजची पोर घरी येईस्तवर जीव थाऱ्यावर ऱ्हायचा न्हाय. हिचा बापूस म्हनतो, मुंबयला आत्याकडं पाठव, घरात मदत करील."
म्हणजे शिक्षण संपलं. आत्याकडच्या मदतीचा अर्थ मला कुणी सांगायला नको.
 सानिकाने एकदम विचारलं, "गाडी खरंच येणार आहे का?" म्हटलं, येणार, माझा शब्द. तिने मान हलवली, पण विश्वास बसल्यासारखी नाही. आमदाराच्या शब्दाकडे कसं बघायचं हे पोरीला आत्ताच कळलंय. राग आला, आणि आवडलीही.

२० मे
चाचणी. हसावं की कपाळाला हात लावावा.
गाडी चढण चढून वर आली. वळणं कशी घेतली ड्रायव्हरने, वा. वाडीच्या तोंडाशी येऊन थांबली ती थांबलीच. पुढे कमान. वाडीतले जे नोकरीला मुंबईत आहेत त्यांच्या मंडळाने गेल्या साली बांधलेली, जांभ्या चिऱ्याची, वर देवीचं नाव. देखणी आहे, खोटं का बोलू. पण एसटीचा टप तिच्याखालून जाईना. वीतभर कमी. अलीकडे गाडी वळवायला जागा नाही, एका बाजूला दरड, दुसरीकडे वहाळ, म्हणजे ओढा. वळायची जागा कमानीपलीकडे, देवळासमोर.
गावकर म्हणजे वाडीचे मुख्य. ते शांतपणे सांगतात, "उंची बराबर घेतलीवती ताय. शिमग्यात पालखी नाचवताना हात वर करून उचलली, तरी लागू नये अशी." उंच उंच माणसं निवडून, पालखी वर धरायला लावून माप घेतलं होतं म्हणे. देवीचा विचार झाला. एसटीचा कुणी आणि का करावा, वाडीत ती कधी आलीच नव्हती.
ड्रायव्हरने खालपर्यंत गाडी उलटी नेली. मी कमानीखाली उभी. मकरंद पेढ्यांबद्दल काही बोलला नाही, एवढे उपकार.

२१ मे
सुरेशला फोन. सानिकाचा बाप, मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. कमान त्याच्याच खटपटीची.
"ताई, तुम्ही रस्ता दिलात, उपकार आहेत. पण कमानीला हात लावू देणार नाही. देवीला गाऱ्हाणं घालून बांधलीय."
म्हटलं, तुझीच मुलगी त्या गाडीने...
"तिचं आम्ही बघू."
फोन बंद. इतकी चिडले की ह्यांनी चहा आणून दिला तो तसाच गार झाला. बांधकामचे साहेब म्हणतात, नोटीस काढू, पाडून टाकू. निघेल नोटीस. कमान पडेलही. मग त्या गाडीत बसणार कोण? गावकरी आणि मुंबईकर असे दोन तट पडले की पुढल्या शिमग्याला पालखी देवळातून बाहेर निघणं मुश्कील. माहेरी हे बघितलंय मी. सख्खे भाऊ देवळात एकमेकांकडे पाठ करून बसायचे.
नोटीस नाही. काहीतरी दुसरं शोधायला हवं.

२५ मे, नालासोपारा
मंडळाची सभा. शाळेचा वर्ग, लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसलेली. आमदारांना हार कुणी घालायचा यावरच बराच वेळ गेला. मग कमान. सगळे एकाच वेळी बोलत होते. "आमच्या घामाची आहे." "गाववाल्यांनी आधी का नाही सांगितलं?" "एसटी लहान मागवा."
मी भाषण ठरवून गेले होते. उभी राहिले आणि एक शब्द आठवेना. सरळ सुनंदाला फोन लावला, म्हटलं सानिकाला दे, आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. बाळ, इथे सगळे बसलेत, तुझे पप्पापण आहेत, तुला काय वाटतं ते सांग.
"पप्पा, कमान नका पाडू. चांगली आहे ती. पण मी आत्याकडे येणार नाही. गाडी नसली तर चालत जाईन कालेजला."
 सुरेश बाकाकडे बघत बसला. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. तेवढ्यात तोच उठला, घसा खाकरला. "वीतभराचाच प्रश्न आहे ना? कमान वर जात नाही तर रस्ता खाली घेऊ. मी येतो खणायला."
मग काय, कोण येणार नाही तेवढंच विचारायचं राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सभागृहात विरोधक अंगावर आले तेव्हासुद्धा आलं नव्हतं.

१ जून
रविवार. मुंबईकर पहाटेच्या गाडीने हजर, नव्या टोप्या घालून. जेसीबी चालवला तर खांबांना हादरे बसतील, म्हणून सगळं हाताने. बांधकामचे साहेब "पाणी साचेल" म्हणून कुरकुरत होते, त्यांना बाजूने गटार काढून द्यायचं कबूल केलं.
आधी गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, यष्टीला वाट दे, लेकराबाळांना सुखरूप ने-आण कर, नि ह्या मुंबयवाल्यांच्या हातांना फोड येऊ देऊ नको." सगळे "व्हय म्हाराजा". देवीने शेवटचं काही ऐकलं नाही, दुपारपर्यंत निम्म्यांच्या हाताला चिंध्या. पहार मीही मारली. मकरंदने फोटो टाकला, त्याखाली विरोधी पक्षाच्या एकाने लिहिलं, 'आमदार खड्डे बुजवत नाहीत, खणतात.' मनापासून हसले. बरं लिहितो.
जेवणं देवळात. भात, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी. गावकर आणि सुरेश एका पंगतीला, शेजारी. हे मी मुद्दाम बघून ठेवलं.

१६ जून
गेली. गाडी गेली.
ड्रायव्हर इतका हळू की सोबत चालणारी म्हातारी पुढे निघाली. सगळ्यांच्या माना वर. टप आणि कमान यांत जेमतेम चार बोटं. मागचं चाक बाहेर पडलं आणि ढोल सुरू झाला. बायकांनी गाडीला ओवाळलं, कंडक्टरलापण, तो लाजून लाल. मग अख्खी वाडी गाडीत शिरली. बाजारात गेलो, उतरलो, काही न घेता त्याच गाडीत बसून परत वर आलो. मी खिडकीशी. गावकर म्हणाले, "ताय, आता मेलो तरी चालंल." म्हटलं, मरू नका, रोज बसा, नाहीतर फेरी बंद होईल.
निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा इतकी खूश नव्हते. खरंच नव्हते.
सुरेशला विचारलं, सानिकाचा प्रवेश? "बघू." रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलापण.

२७ जून
आगारातून कळलं, आज वरून गाडीत तिघं. त्यातला एक आमचा कार्यकर्ता, मकरंदने बसवलेला. मकरंदला झापलं. अशी भरलेली गाडी किती दिवस चालणार.
सुरेश फोन उचलत नाही.

७ जुलै
आज कॉलेज सुरू. अधिवेशनासाठी मुंबईला निघायचं होतं, पण माझी गाडी बाजारात एसटीच्या स्टॉपपाशी थांबवायला लावली. पाऊस नुसता कोसळत होता. कुणाला कळवलं नव्हतं, मकरंदलाही बोलू दिलं नाही.  आमदार बाई छत्री घेऊन एसटीची वाट बघतेय म्हणून पानवाला टक लावून बघत होता.
एसटी आली. काचा बंद, आतलं काही दिसेना. आधी भाजीवाली उतरली, टोपली घेऊन. मग कुणीच नाही. मग सानिका. नवी सॅक, ओढणी डोक्यावर.
"आईने प्रवेश घेऊन ठेवला होता. पप्पांनी काल रात्री हो म्हटलं. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले."
म्हटलं, आगाराचंही तसंच आहे.
भाजीवाली सोडून गाडीत अजून कोणी होतं का, विचारलं. नाही म्हणाली. मग, "मधल्या वाडीत दोघी जणी दारात उभ्या होत्या. माझ्याच वर्गातल्या. गाडीकडे बघत होत्या. उद्या थांबवायला सांगते नि विचारते त्यांना."
मी विचारते, म्हणणार होते. तोवर ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.