भूल द्यायच्या आधी

सोमवार, ३

हर्निया! चाळीस वर्षं बायंडिंगच्या कारखान्यात कागदाचे गठ्ठे उचलले, त्याचं हे बक्षीस. सर्जन म्हणाले, 'किरकोळ आहे, काका. पुढच्या सोमवारी उरकून टाकू.' कापण्याची भीती नाही — कटिंग मशिनने दोनदा बोट सोलून काढलंय. भीती भुलीची. धाकट्या भावाचे टॉन्सिल्सही 'किरकोळ'च होते. पाच वर्षांचा होता. भूल दिली, उठलाच नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, 'डोस जास्त झाला.'

बुधवार, ५

झोप नाही.

गुरुवार, ६

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. माझ्या मुलीच्या वयाच्या. मणक्यात सुई दिली की कमरेखालचं सगळं बधिर, मी जागा. हवं तर जोडीला गुंगीचं औषध — डुलकी लागेल, श्वास माझा मीच घेईन. नाहीतर पूर्ण भूल, मग घशात नळी.

'सुई! नळीचं नावसुद्धा नको.' हसल्या. मग विचारलं, 'घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता?' 'नाही.' साफ खोटं! खरं बोललो असतो तर भावाची सगळी गोष्ट काढावी लागली असती.

शुक्रवार, ७

बायकोने फैलावर घेतलं. 'अहो, एक पान उलटं लागलं तर अख्खं पुस्तक उसवता, आणि डॉक्टरांना अर्धवट सांगता?' बरोबर आहे तिचं. उद्या फोन करतो.

शनिवार, ८

सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. खोदून खोदून विचारत राहिल्या — ताप चढला होता का, अंग ताठ झालं होतं का, रक्ताच्या नात्यात आणखी कुणी? आणि मग, 'तो उपाशी होता ना? पोटात अन्न असलं तर भुलीत ते वर येतं, श्वासनळीत जातं. म्हणून तर तुम्हालाही आधी काही खायचं नाही.'

'माहीत नाही,' म्हणालो. फोन ठेवला. बायको म्हणाली, 'झालं ना मन मोकळं?' मी हो म्हटलं. जेवण गेलं नाही.

रविवार, ९

माहीत आहे. मी आठ वर्षांचा. वॉर्डात तो भुकेने रडत होता. आई सह्या करायला गेलेली. मला बघवेना. दूध-बिस्किटं भरवली, पोटभर. तोंड पुसलं आणि बजावलं, 'आईला सांगायचं नाही हं.'

त्याने नाही सांगितलं.