डावा हात पाठीमागे

रविवार, ८ मे, संध्याकाळ

लाडके ओडेसा,

तुला आणि तुझ्या लेकाला, डेव्हॉनला, ताईचं खूप खूप प्रेम. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, आणि या वेळी हे रीत म्हणून लिहीत नाहीये. पास्टरांचं प्रवचन अजून लांबतंच आहे, खुर्च्यांवर घोरणारेही तेच. क्लीव्हनचं विसरणं मात्र वाढलंय. लेकीचं नाव आठवत नाही, पण चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवण्याच्या आपल्या त्या मुक्या खुणा त्याच्या हातांतून गेलेल्या नाहीत. अजूनही पांढरे हातमोजे घालून, रीतीप्रमाणे डावा हात पाठीमागे घेऊन दाराशी उभा राहतो, आणि नवख्यांच्या चुका काढतो.

त्या नवख्यांत एक पोलीसवाला आहे. वाचतेस ना? पत्र फाडू नकोस. नोवाक नाव त्याचं, गोरा, कान मोठे. गेल्या हिवाळ्यात आपल्या वस्तीत नेमणूक झाली, तेव्हा एका रविवारी येऊन मागे उभा राहिला. सगळ्यांच्या माना ताठ. मी सरळ जाऊन म्हटलं, "पोरा, इथे उभं राहायचं तर डावा हात पाठीमागे. पट्ट्यात अंगठे खुपसून उभं राहायला हा गुत्ता नाही." मला वाटलं, आता हा फणकारून निघून जाईल. त्याने मुकाट्याने हात मागे घेतला. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. मग क्लीव्हननेच त्याला खुणा शिकवल्या, आणि दर वेळी त्याचं कोपर खाली दाबलं.

आता कालचं.

मी चर्चच्या जेवणासाठी तिथे मासे तळत होते. क्लीव्हन घरातून हातोडी घेऊन निघाला आणि कोपऱ्यावरच्या घराचं दार ठोकू लागला. आपलंच घर आहे, आतल्यांनी आपल्याला बाहेर काढलंय, असं त्याच्या डोक्यात. आत नवीन भाडेकरू, लहान पोरांसकट. कळताच मी धावत गेले, हाका मारल्या. त्याने मला ओळखलं नाही गं. माझ्यावरच हातोडी उगारली. शेजारी ओट्यांवर उभे होते. पोलिसांना फोन कोणीच करेना, आपल्याकडे करत नाहीत.

मी केला, ओडेसा. डेव्हॉनचा हात पोलिसांनी मोडला, त्या रात्री आपण दोघींनी काय ठरवलं होतं ते आठवत असूनही केला. नोवाकचं नाव घेऊन, त्यालाच पाठवा म्हणून विनवलं.

पण आधी दुसरीच गाडी आली. उतरलेल्या अनोळखी शिपायाचा हात थेट पिस्तुलावर गेला, आणि क्लीव्हनची हातोडी अजून वरच. मी मनात म्हटलं, व्हर्नेल, तूच नवऱ्याला मारलंस.

तेवढ्यात नोवाक आला. "थांब, मी ओळखतो यांना," असं त्या शिपायाला म्हणाला, टोपी काढली, आणि पायऱ्यांखाली ताठ उभा राहिला. डावा हात पाठीमागे. उजव्याने जागा रिकामी असल्याची खूण केली. क्लीव्हन बघतच राहिला. मग त्याने हातोडी पायरीवर ठेवली, स्वतःचा हात मागे घेतला आणि खाली उतरून त्याच्यासमोर आला.

"कोपर खाली," म्हणाला.

मी तिथेच गवतात बसून रडले, लाज नाही वाटली. त्या भाडेकरणीने मला पाणी आणून दिलं.

डेव्हॉनचा हात मोडणाऱ्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. नोवाकला तेही सांगितलं. तो म्हणाला, "करू नका." एवढंच. पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन. तुला राग आला असेल तर फोनवर शिव्या घाल, अबोला मात्र धरू नकोस.

क्लीव्हन शेजारच्या खोलीत झोपलाय. त्याचं घोरणं ऐकू येतंय, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते थांबू नये असं वाटतंय.

तुला दिलेला शब्द मोडून नवरा घरी आणलेली,
तुझीच ताई,
व्हर्नेल