अण्णांचा टकल्या किडा

रविवार, संध्याकाळ

गळाला पीस आणि रेशीम बांधून केलेला माझा खोटा किडा आज मासेमारीच्या क्लबात सगळ्यांनी वाखाणला. तळ्यावर मात्र एकाही माशाने त्याला तोंड लावलं नाही. क्लबातल्या म्हाताऱ्या अण्णांचा विस्कटलेला, टकल्या किडा मात्र माशांनी तीनदा गिळला! असं का? विचारलं, तर तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "स्वल्प खालून बघ रे."

घरी येऊन काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, दोन्ही किडे त्यावर सोडले आणि ग्लास डोक्यावर धरला. खालून माझं रेशीम, माझे रंग काहीच दिसेना. नुसता काळा गोळा. टकल्या मात्र पाय पसरून तरंगत होता, अगदी जिवंत.

तीन रविवार खपलो ते क्लबातल्या लोकांसाठी. माशाचा विचार केलाच कुठे?