कोपराला कळतं ते

१२ जानेवारी २००६, बॉन

सदतीस! हेबामे – इथली सुईण – आज बजावून गेली. बाळाच्या आंघोळीचं पाणी सदतीस डिग्री, वर अजिबात नाही. बाळ एकोणीस दिवसांचं, जेमतेम अडीच किलोचं.

घरात थर्मामीटर एकच. बाबांच्या फोटो स्टुडिओतला, डार्करूमचा – फॅरनहाइटचा! पाचवीपर्यंत बाबांनी मला त्या स्टुडिओतच शिकवलं. आकडा दोनदा तपासायचा, मगच विश्वास ठेवायचा. नऊने गुणलं, पाचाने भागलं, बत्तीस मिळवले – ९८.६. दोनदा तपासलं. तिसऱ्यांदाही.

१३ जानेवारी

सासूबाईंनी टबात उजवं कोपर बुडवलं. "झालं. आण बाळाला." मी थांबून थर्मामीटर घातला. ९९!

१४ जानेवारी

९८.

१६ जानेवारी

पुन्हा ९९! उत्कर्ष म्हणाला, "आईला पुण्याहून कॅलिब्रेट करून आणलंय."

"कळतं कसं हो, आई?"

"तुझ्या नवऱ्याला लहानपणी एकदा चटका दिला ना, तेव्हापासून!"

हसले. एकच ऊब – इथे सदतीस, बाबांच्या काचेत ९८.६, केल्विनमध्ये तीनशे दहा. मला कागद लागतो. आईंना काहीच लागत नाही!

२० जानेवारी



आईंनी कोपर बुडवलं. "आण." थर्मामीटर – १११! बत्तीस वजा, पाचाने गुणून नवाने भागलं – जवळजवळ चव्वेचाळीस. माझंच चुकलं असणार. आईंचं कोपर कसं चुकेल? पुन्हा केलं. तेच! बोट घातलं – कढत.

"अगं, कोमट आहे. तुझी बोटं नाजूक. बाळ गारठतंय तिकडे."

उलट बोलायचं धाडस होत नव्हतं. तरी म्हटलं, "आई, एकदा डावं कोपर घालता?"

"दोन्ही माझीच की!" हसत घातलं – आणि झटकन बाहेर काढलं. "अगं बाई!"

दोघी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. कोपर लाल झालेलं. "सकाळपासून मुंग्या येतायत," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, थंडी असेल."

मी उत्कर्षला हाक मारली. अँब्युलन्स आली.

२१ जानेवारी

मेंदूतल्या एका बारीक नसेत रक्त अडलं होतं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. हाताला स्पर्श परत येईल का? "बघू या."

बाळाला आज नुसतं पुसून घेतलं.

२४ जानेवारी

हॉस्पिटलमध्ये गेले. बाहेर उणे नऊ. नर्सने आईंचा ताप बघितला, म्हणाली सदतीस. आई घाबरल्या – "सदतीसच? एवढी थंड पडले का गं मी?"

"नाही हो आई, अगदी बरोबर आहे." मी त्यांचा उजवा हात हातात घेतला.

त्यांनी तो झटकन मागे ओढला. "ई! बर्फ आहेत तुझे हात!"